तिचं खरं कधी मानायचं? : रहस्यपट आणि त्यातली बाई

यात्रेतल्या तंबूत सिनेमा लागायचा तेव्हा मधोमध कनात बांधलेली असायची. एका अंगाला बाप्ये, दुसऱ्या अंगाला बायका आणि पोरं. शेवगाव-पाथर्डीच्या पट्ट्यात माझ्या वयाच्या पुष्कळांनी सिनेमा पहिल्यांदा असाच पाहिला. मी पोर होतो म्हणून आत्याजवळ, बायकांच्या अंगाला बसलो होतो. 'हा खेळ सावल्यांचा' लागला होता. नरसूच्या भुतानं भेदरलेली नायिका किंचाळली आणि कनातीपलीकडून हसू आलं, कुणीतरी शिट्टीही मारली. आमच्या अंगाला मात्र कुणी हसलं नाही. आत्यानं पदराचं टोक दातात धरलं होतं. पडद्यावरची नजर न काढता ती हळूच म्हणाली, "खोटं कशाला सांगंल ती?"

पुढं रहस्यपट पाहताना आत्याचा तो प्रश्न मनातून गेला नाही. रहस्यपटात खून कुणी केला हे शोधायचं असतं, असं आपण धरून चालतो. पण आपल्याकडचे गाजलेले रहस्यपट एकापुढं एक ठेवून पाहिले, तर त्यांच्या तळाशी दुसराच सवाल सापडतो. एक बाई काहीतरी सांगते आहे. ते खरं मानायचं का? मानायचं तर कधी? आणि तोवर तिचं काय होतं? दिग्दर्शक आपल्या नायिकेकडं कसा पाहतो, हे तिच्या कपड्यांवरून किंवा तिला किती गाणी दिली यावरून कळत नाही. तिच्या शब्दाला तो किती किंमत देतो आणि ती किती उशिरा देतो, यावरून कळतं.

आमच्या तालुक्याची एक गोष्ट इथं सांगण्याजोगी आहे. शेवगाव तालुक्यातल्या अमरापूरचं नाव आडनावात घेऊन सदाशिव अमरापूरकर पडद्यावर गेले. 'अर्धसत्य'मधला रामा शेट्टी आणि 'सडक'मधली महाराणी आजही पारावरच्या गप्पांत निघतात. महाराणीचे संवाद लोकांना तोंडपाठ आहेत. पण त्या महाराणीच्या तावडीत सापडलेल्या मुलीचं त्या सिनेमात नाव काय होतं, असं विचारलं की गप्पा थांबतात. भीती दाखवणारा लक्षात राहतो आणि जिनं ती भोगली ती विसरली जाते. हा आढावा तिच्यासाठी आहे.

कुणाला आधी कळतं?

आल्फ्रेड हिचकॉकनं सांगितलेला एक साधा भेद इथं कामाला येतो. टेबलाखाली बॉम्ब आहे आणि तो अचानक फुटला, तर प्रेक्षक क्षणभर दचकतो. पण बॉम्ब ठेवलाय हे प्रेक्षकाला आधीच माहीत असेल आणि टेबलाभोवती बसलेली माणसं निवांत गप्पा मारत असतील, तर तो तेवढा सगळा वेळ जीव मुठीत धरून बसतो. पहिल्या प्रकारात आपल्याला अंधारात ठेवलेलं असतं. दुसऱ्यात आपण जाणते असतो आणि म्हणूनच काळजीत असतो.

हाच भेद नायिकेला लावून पाहावा. तिला जे माहीत आहे ते आपल्यालाही माहीत असेल, तर आपण तिच्या शेजारी बसतो आणि तिच्यासाठी घाबरतो. ते आपल्यापासून लपवलं असेल, तर आपण तिच्यासमोर बसतो आणि तिच्यावर संशय घेतो. दिग्दर्शक प्रेक्षकाची खुर्ची कुठं मांडतो, त्यात त्याची बाईविषयीची भूमिका आलीच.

आरोपीच्या पिंजऱ्यातली बाई

मराठीत या प्रश्नाचा पहिला मोठा सिनेमा 'पाठलाग', 1964 सालचा. 'लाखाची गोष्ट', 'ऊन पाऊस', 'जगाच्या पाठीवर' असे घरगुती जिव्हाळ्याचे चित्रपट देणाऱ्या राजा परांजपे यांनी जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवरून तो केला. काशिनाथ घाणेकर आणि भावना यांच्या प्रमुख भूमिका होत्या. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला. गोष्टीचा गाभा असा : एका वकिलाची बायको वारते, तो तिचे अंत्यसंस्कार करतो, आणि नंतर पकडली गेलेली एक बाई त्याला सांगते की तुझी बायको ती मीच. चेहरा तोच, आवाज तोच.

दोनच वर्षांनी राज खोसला यांनी यावरून हिंदीत 'मेरा साया' काढला. साधना आणि सुनील दत्त यांचा तो सिनेमा देशभर पोचला. त्यातली कोर्टातली दृश्यं आज पुन्हा पाहावीत. बाई पिंजऱ्यात उभी आहे. नवरा समोर वकिलाच्या कोटात आहे आणि तोच तिची उलटतपासणी घेतो आहे. आपण नवरा-बायको आहोत हे सिद्ध करायला तिला दोघांच्या एकांतातल्या गोष्टी चारचौघांत बोलाव्या लागतात. ती एकेक खूण सांगते आणि प्रत्येक खूण तिच्यावरच उलटते. इतकं बारीकसारीक माहीत आहे म्हणजे कुठून तरी काढून घेतलेलं असणार! बरोबर उत्तर दिलं तरी संशय, चुकलं तर गुन्हा शाबीत. शेवटी तिची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात होते. तिथून पळून ती घरी येते, तेव्हा कुठं खरी गोष्ट उलगडते. बायको हीच असते. नवऱ्याच्या मांडीवर मेली ती तिची जुळी बहीण.

या सगळ्या वेळात आपण कुठं बसलेलो असतो? नवऱ्याच्या खुर्चीत. त्याला जेवढं माहीत तेवढंच आपल्याला माहीत. म्हणून तो संशय घेतो तेव्हा आपणही घेतो. शेवटी खरं कळल्यावर सुटल्यासारखं वाटतं. पण जरा थांबून विचार केला तर लाजही वाटायला हवी, कारण ती बाई पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट सांगत होती आणि एक अक्षरही खोटं बोलली नव्हती. माझ्या लेखी या गोष्टीचं मोठेपण यातच आहे. ती प्रेक्षकाला न्यायाधीश करते आणि मग दाखवून देते की निकाल चुकला.

'पाठलाग'नंतर तीनच वर्षांनी, 1967 मध्ये, विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' रंगमंचावर आलं. ते रहस्यनाट्य नव्हे, पण पिंजरा तोच आहे. वेळ घालवायला मांडलेल्या खोट्या खटल्यात लीला बेणारे बाई खरोखरच्या आरोपी होऊन बसतात. त्यांचं मोठं स्वगत सुरू होतं तेव्हा बाकीची पात्रं थिजून जातात, म्हणजे बाई बोलते खरी, पण ऐकणारं कुणीच नसतं. सुलभा देशपांडे यांनी ते उभं केलं आणि 1971 च्या चित्रपटातही त्याच होत्या. रहस्यपटात बाईचं खरं ठरायला निदान शेवटची दहा मिनिटं तरी मिळतात. बेणारे बाईंना तीही मिळत नाहीत.

पांढऱ्या साडीतली

1964 हे वर्ष या विषयात विलक्षण आहे. त्याच वर्षी राज खोसलांचा 'वह कौन थी?' आला. डॅफ्नी द्यू मोरिएच्या 'रिबेका'चा माग असलेला बिरेन नागचा 'कोहरा'ही त्याच वर्षीचा आणि तिकडं हिचकॉकचा 'मार्नी'सुद्धा. 'वह कौन थी?'मधली साधना पावसात पांढऱ्या साडीत उभी असते आणि डॉक्टरच्या गाडीत येऊन बसते. पुढं 'मेरा साया' आणि 1967 मध्ये 'अनिता'. या तीन चित्रपटांनी साधनाभोवती गूढ स्त्रीचं असं वलय तयार केलं की तिच्या बाकीच्या कामाकडं बघताना आधी तेच डोळ्यांपुढं येतं.

या तिन्हींत ती कोण आहे हा प्रश्न पुरुषाला पडतो. तिला स्वतःला काय वाटतं, हा प्रश्न मागं राहतो. बाई म्हणजे कोडं, आणि कोडं सोडवणारा पुरुष! अशी मांडणी झाली की नायिकेचा चेहरा कितीही वेळ पडद्यावर राहिला तरी तिचं मन दिसत नाही. साधनानं डोळ्यांनी जे काम केलं ते या मांडणीच्या पलीकडचं आहे आणि त्याचं श्रेय तिचंच आहे. तरी खोसलांना न्याय द्यायचा तर एवढं नोंदवायला हवं, की हाच दिग्दर्शक पुढं चंद्रकांत काकोडकरांच्या मराठी कादंबऱ्यांकडं वळला. 'नीलांबरी'वरून 'दो रास्ते' आणि 'अशी तुझी प्रीत'वरून 'मैं तुलसी तेरे आंगन की' त्यांनी केले. 1978 च्या या दुसऱ्या चित्रपटात नूतननं जी पत्नी उभी केली तिच्याभोवती कसलंही गूढ नाही, तिच्या मनातली घालमेल मात्र स्पष्ट दिसते. गूढ काढून टाकल्यावर त्याच दिग्दर्शकाला बाईचं मन जास्त चांगलं दिसलं.

लागिरलेली

आता परत तंबूतल्या सिनेमाकडं येऊ. वसंत जोगळेकर यांचा 'हा खेळ सावल्यांचा' 1976 चा. आशा काळे, काशिनाथ घाणेकर, लालन सारंग आणि हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत. यातली बाई आरोपी नाही, पण तिच्या शब्दाची गत तीच आहे. ती म्हणते दिसतं, लोक म्हणतात भास. कोर्टाच्या जागी इथं उपचार आले, आणि खरं-खोटं ठरवायचं काम पुन्हा दुसऱ्याच कुणाच्या हाती.

गावाकडं या गोष्टीचा अर्थ वेगळा लागतो. "बाहेरचं आहे", "धरलंय", "अंगात येतं" हे आमच्याकडं रोजच्या बोलण्यातले शब्द आहेत. आणि ज्यांच्या बाबतीत ते वापरले जातात त्यांत सुना, लेकी, नवऱ्यानं टाकलेल्या आणि मूल न झालेल्या बाया जास्त असतात. जे सरळ बोलायची मुभा नाही ते कधी कधी अंगात येऊन बोललं जातं. सासूसमोर मान वर न करणारी सून वारं आलं की सासूला अरे-तुरे करते आणि घर हात जोडून ऐकतं. तिचं दुखणं ओळखायच्या ऐवजी मग तिला देवऋषाकडं नेलं जातं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी अख्खं आयुष्य ज्यासाठी घातलं तो जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रात 2013 साली, त्यांच्या खुनानंतर, आला. लागिरलेल्या बाईची गोष्ट पडद्यावर आणणाऱ्यानं हे सगळं ध्यानात ठेवावं, अशी माझी अपेक्षा आहे. नुसतं भूत दाखवून भागत नाही. भूत तिलाच का दिसलं, हेही सांगावं लागतं.

शेखर ताम्हाणे यांच्या 'सविता दामोदर परांजपे' या नाटकात ते सांगायचा प्रयत्न आहे. 1985 च्या या नाटकात रीमा यांनी कुसुम अभ्यंकर उभी केली. सुखवस्तू घरातली, सतत आजारी असणारी ही बायको आणि तिच्या शरीरात वस्तीला आलेली, तिच्या नवऱ्यावर कधीकाळी जीव लावून मेलेली सविता. एकाच देहात दोन बायका एका पुरुषासाठी झगडतात. 2018 मध्ये स्वप्ना वाघमारे जोशी यांनी यावर चित्रपट केला. कुसुमच्या भूमिकेत तृप्ती तोरडमल होत्या, नगरच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवलेल्या आणि अगाथा ख्रिस्तीच्या कादंबऱ्या मराठीत आणणाऱ्या प्रा. मधुकर तोरडमलांची ही कन्या. रहस्यकथेचा धागा आमच्या जिल्ह्यातून असाही गेला आहे.

दिग्दर्शक बाई असली की नायिकेला न्याय मिळतोच, असं मात्र या चित्रपटावरून म्हणता येत नाही. कुसुम बिचारी दोन्हीकडून हरते. नवऱ्याचं प्रेम आहे, पण तिचं स्वतःचं म्हणणं काय हे ऐकायला कुणाला उसंत नाही. सविताचं म्हणणं तेवढं आपण ऐकतो. मेलेल्या बाईचा आवाज जिवंत बाईपेक्षा मोठा होतो आणि तो ऐकताना अंगावर काटा येतो. तिचं दुखणं जिवंतपणी ऐकलं असतं तर ही वेळ आली नसती, हा विचार चित्रपट पाहून बाहेर पडताना छळतो.

पडद्यामागं

पडद्यावर बाई कशी दाखवली याबरोबर चित्रीकरणाच्या वेळी तिला कसं वागवलं, हेही विचारायला हवं. या बाबतीत हिचकॉकचं उदाहरण सगळ्यांत जास्त बोलकं आहे.

'व्हर्टिगो'त (1958) एक पुरुष एका साध्या मुलीला मेलेल्या प्रेयसीसारखं बनवू पाहतो. तसेच कपडे, तोच केसांचा रंग, तोच अंबाडा. मूळ फ्रेंच कादंबरीत तिचं गुपित शेवटी फुटतं. हिचकॉकनं ते बरंच आधी, तिनं लिहून फाडून टाकलेल्या पत्रातून, आपल्याला सांगून टाकलं. तिथून पुढं खुर्ची बदलते. आपण पुरुषाला सोडून तिच्याकडं जातो आणि तो तिला घडवत असताना तिला काय होत असेल ते जाणवत राहतं. बाईला आपल्या कल्पनेच्या साच्यात कोंबणं हा केवढा मोठा छळ आहे, हे इतक्या नेमकेपणानं फार थोड्या चित्रपटांत आलं आहे.

आणि हेच समजलेला माणूस पुढच्या पाचसहा वर्षांत काय करतो? 'द बर्ड्स'च्या (1963) चित्रीकरणात माळ्यावरच्या प्रसंगासाठी टिपी हेड्रनवर दिवसेंदिवस जिवंत पक्षी फेकले गेले. यांत्रिक पक्षी वापरू असं तिला आधी सांगितलं होतं. डोळ्याजवळ जखम झाली आणि शेवटी ती कोलमडली. 2016 मध्ये आलेल्या आत्मकथनात तिनं हिचकॉकनं आपली लैंगिक छळवणूक केल्याचं आणि नकार दिल्यावर करारात अडकवून ठेवून आपली कारकीर्द रोखल्याचं लिहिलं. पडद्यावर दाखवलेला छळ पडद्यामागं उतरला होता आणि त्याची गोष्ट स्वतःच्या पुस्तकात लिहायला बाईला पन्नासेक वर्षं लागली.

आपलं घर तरी वेगळं आहे का? येवल्यात जन्मलेल्या ललिता पवार 1942 साली नायिका होत्या. चित्रीकरणात सहकलाकाराची थप्पड इतक्या जोरात बसली की चेहऱ्याच्या एका बाजूला अर्धांगवायू झाला आणि डावा डोळा कायमचा अधू झाला. उपचारांत वर्षं गेली. पुढं आपण त्यांना खाष्ट सासू म्हणून ओळखलं आणि त्या डोळ्याला घाबरलो. तो अपघात होता, पण नायिकेच्या अंगाची काळजी घेणं हे कुणाचंच काम नव्हतं म्हणून तो झाला. हंसा वाडकरांनी 1959 च्या आपल्या गाजलेल्या चित्रपटाचंच नाव आत्मकथनाला दिलं, 'सांगत्ये ऐका'. त्यावरून श्याम बेनेगलांनी 1977 मध्ये 'भूमिका' केला आणि स्मिता पाटील यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मला त्या पुस्तकाचं नावच फार मोलाचं वाटतं. या लेखातल्या प्रत्येक नायिकेचं मागणं त्या दोन शब्दांत आलं आहे.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध 2013 पासून कायदा आहे. तरी केरळच्या चित्रपटसृष्टीबद्दलचा न्या. हेमा समितीचा अहवाल 2019 अखेर सरकारला सादर होऊन 2024 च्या ऑगस्टपर्यंत लोकांपुढं आला नाही. बायकांनी सांगितलं, लिहून घेतलं गेलं आणि साडेचार वर्षं कपाटात राहिलं.

कनात काढल्यावर

मराठी रहस्यपटाला मोठं वळण मिळालं ते 1999 मध्ये, 'बिनधास्त'नं. दिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णी, लेखक अजित आणि प्रशांत दळवी. शेवगावहून पैठणमार्गे गेलं की जे शहर लागतं, त्या तेव्हाच्या औरंगाबादच्या रंगभूमीतून आलेली ही मंडळी. याच कुलकर्णी-दळवींनी आधी 'चारचौघी' हे नाटक दिलं होतं. 'बिनधास्त'मध्ये शर्वरी जमेनीस आणि गौतमी गाडगीळ या दोन जिवलग मैत्रिणी, खुनाचा संशय, पळापळ, आणि पडद्यावर सगळ्या बायकाच. तपास करणारी पोलीस अधिकारी सुद्धा बाईच. पुढं प्रियदर्शननी तो दक्षिणेत नेला, मल्याळममध्ये 'राक्किळिपाट्टु' आणि तमिळमध्ये 'स्नेहितिये'.

हा प्रयोग नुसता गमतीचा नव्हता. पुरुष पडद्यावर नाही म्हटल्यावर बाईला कोडं म्हणून बघणारी नजरच उरली नाही. घाबरणारी बाई, संशय घेणारी बाई, धीर देणारी बाई, शहाणी आणि मूर्ख बाई, सगळ्या जागा बायकांनीच भरल्या. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे त्या दोघींनी एकमेकींच्या शब्दावर भरवसा ठेवला. 'मेरा साया'तल्या बाईला एक मैत्रीण असती तर, असं मला हा सिनेमा पाहताना वाटत राहिलं. दुःख एवढंच की हा रस्ता पुढं फारसा कुणी धरला नाही.

सारिका आणि सिमी

मराठी नायिकेचं एक वेगळं पर्व हिंदीत घडलं, उर्मिला मातोंडकर यांच्या कामातून. राम गोपाल वर्मांच्या 'कौन?'मध्ये (1999) तीनच पात्रं, एक घर आणि पाऊस. एकटी, घाबरलेली मुलगी म्हणून आपण तिच्यासाठी जीव टांगून बसतो आणि खुनी तीच निघते. बाई म्हणजे बिचारी, हा आपला समज त्यानं मोडला. 2003 च्या 'भूत'मध्ये त्यांनी झपाटलेली बाई उभी केली. पण माझ्या दृष्टीनं सगळ्यांत मोलाचा तो 'एक हसीना थी' (2004).

दिग्दर्शक श्रीराम राघवन, पुण्यात वाढलेले, तिथल्याच फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले. नायिकेचं नाव सारिका वर्तक. हे आडनाव ऐकलं की मुंबईतली एकटी राहून नोकरी करणारी मध्यमवर्गीय मराठी मुलगी डोळ्यांपुढं येते. ती एका पुरुषावर विश्वास टाकते, तो तिला अडकवतो, ती तुरुंगात जाते. कोर्टात तिचं कुणी खरं मानत नाही. इथपर्यंत गोष्ट जुनीच. पण पिंजऱ्यातून बाहेर पडल्यावर ती आपलं खरं मानून घ्यायला कुणाच्या दारात जात नाही. उंदराला घाबरणारी ही मुलगी शेवटी त्या माणसाला उंदरांच्या गुहेत बांधून ठेवते आणि निघून जाते. सुरुवातीची भीती आणि शेवटची शिक्षा यांच्यामध्ये एका बाईचं सगळं बदलणं बसवलेलं आहे. सूड मला पटतो असं नाही. पण पहिल्यापासून शेवटपर्यंत आपण तिच्याच खुर्चीत असतो, हे या दिग्दर्शकाचं देणं आहे.

याच राघवनांचा 'बदलापूर' (2015) मात्र मला आजही बोचतो. बायको-मुलाच्या खुनानं पेटलेला नायक दुसऱ्यांच्या बायकांना आपल्या सुडाचं साधन करतो आणि त्या बायकांचं पुढं काय झालं हे विचारायला सिनेमा पुरेसा थांबत नाही. आणि मग पुण्यात घडणारा 'अंधाधुन' (2018). त्यातली तब्बूची सिमी एका चुकीवर पांघरूण घालायला दुसरी चूक करत जाते. ती दुष्ट आहे, पण तिच्या प्रत्येक पावलामागचं कारण आपल्याला दिसतं. त्या सिनेमात शेजारची वयस्क बाई पोलिसांना खरं ते सांगून बसते आणि सिमी तिला इमारतीवरून खाली ढकलते. खरं सांगणारीचा जीव जातो, तोही दुसऱ्या बाईच्या हातून. एकाच दिग्दर्शकाच्या या तीन चित्रपटांवरून एवढं कळतं, की बाईला सद्गुणी दाखवणं म्हणजे मान देणं नव्हे. तिला स्वतःची कारणं देणं, हा मान.

उसाच्या फडात

आता आमच्या अगदी अंगणात येणारा सिनेमा. विशाल फुरिया यांचा 'लपाछपी' 2017 मध्ये प्रदर्शित झाला. गरोदर नेहा, म्हणजे पूजा सावंत, नवऱ्याबरोबर लपायला म्हणून आडरानातल्या घरी येते. चहूबाजूंनी ऊस. घरात तुळसाबाई, म्हणजे उषा नाईक. पुढं नेहाला जे दिसतं, ऐकू येतं, त्याच्या मुळाशी मुलगी नको म्हणून केलेल्या हत्या निघतात. 2021 मध्ये फुरियांनीच हिंदीत 'छोरी' केला.

जायकवाडीच्या फुगवट्यालगत आणि मुळा कालव्याच्या पाण्यावर आमच्याकडं ऊस उभा राहिला. त्या उसात रात्री दारं धरायला गेलेल्या माणसाला विचारा. बॅटरीचा उजेड दोन सरींपुढं जात नाही. वारा नसताना पाचट वाजतं. पाचट वाजलं म्हणजे बिबट्या, साप की नुसतंच रानमांजर, हे कळेपर्यंत पाय जागचे हलत नाहीत. वाट एकच असते आणि आत शिरल्यावर चारी दिशा सारख्याच दिसतात. शहरातल्या प्रेक्षकाला तो फड भीतीचा देखावा वाटला असेल. आम्हाला तो ओळखीचा वाटला, आणि म्हणून भीती जास्त वाटली.

त्या फडात काम करणाऱ्या बाईचं मोजमापही सांगायला हवं. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाकडून उचल मिळते ती कोयत्यावर. बाई अंधारात उठून भाकरी थापते, ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावर वाहते, आणि हिशेबाच्या वहीत निराळी कुठं दिसत नाही. तालुक्याला लागूनच बीड जिल्हा. 2011 च्या जनगणनेत तिथं सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागं 807 मुली होत्या, राज्यात 894. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा 1994 पासून असतानाचे हे आकडे आहेत. 'लपाछपी'तलं भूत या आकड्यांतून उठलेलं आहे. म्हणून ते खोटं वाटत नाही.

आणि या सिनेमात खुर्ची पहिल्यापासून नेहाजवळ आहे. तिला दिसतं ते आपल्याला दिसतं. नवरा, तुळसाबाई, गाव, सगळे तिला खोटं पाडत असताना आपण तिच्या बाजूला असतो. तुळसाबाईचं पात्र तर फार खोलातलं आहे. जुलूम सोसलेली बाईच जुलूम पुढं चालवते, हे घराघरात पाहिलेलं सत्य उषा नाईकांनी मऊ आवाजात आणि हातावर हात ठेवून बोलण्याच्या सवयीत आणलं आहे. 'पाठलाग'मधली बाई शेवटी खरी ठरली होती. नेहा पहिल्यापासून खरी आहे. त्रेपन्न वर्षांत मराठी रहस्यपट एवढं चालून आला.

अजून काय राहिलं?

पुष्कळ राहिलं. 'पाठलाग' आणि 'हा खेळ सावल्यांचा' या दोन्हींत असलेल्या काशिनाथ घाणेकरांवर 2018 मध्ये मोठा चित्रपट निघाला, आणि निघायलाच हवा होता. पण भावना किंवा आशा काळे यांच्या कामावर कुणी तेवढ्या आस्थेनं थांबलेलं नाही. नायिकेचं वय चाळिशीपुढं गेलं की रहस्यपटात तिच्या वाट्याला एक तर तुळसाबाई येते, नाही तर भूत. ऊसतोड करणारी, अंगणवाडीत काम करणारी, ग्रामपंचायतीत निवडून आलेली बाई रहस्याच्या मध्यभागी अजून आलेली नाही, आणि गावात कुणाचं काय चाललंय हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. 'बिनधास्त'चा रस्ता ओस पडला आहे. बायकांनी लिहिलेले आणि बायकांनीच दिग्दर्शित केलेले रहस्यपट मराठीत बोटांवर मोजण्याइतके.

ज्या दिग्दर्शकाला उद्या रहस्यपट करायचा आहे त्याच्याकडं माझं एकच मागणं आहे. बाईनं पहिल्यांदा तोंड उघडलं त्या क्षणी कॅमेरा कुठं ठेवायचा, हे नीट ठरवावं. समोर ठेवला तर ती आरोपी होते. शेजारी ठेवला तर ती माणूस होते.

'लपाछपी' मी आत्याच्या घरी, तिच्या नातसुनेच्या मोबाइलवर पाहिला. आत्या आता खूप थकली आहे, तिला नीटसं दिसत नाही, पण ऐकू चांगलं येतं. नेहा नवऱ्याला परोपरीनं सांगत होती आणि तो ऐकत नव्हता, तेव्हा नातसून मला म्हणाली, "मामा, हिला कुणीच खरं मानंना." पोटात पाचवा महिना असलेली ती पोर मोबाइल धरून बसली होती आणि हात थोडा थरथरत होता. आत्यानं चाचपडत तिच्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, "आपण मानतोय ना."